परदेशातल्या तुरुंगात सुवार्तेची सेवा: सोलापुरातून निघणाऱ्या गटासाठी, पहिल्या अर्जापासून परतीपर्यंत

परदेशातल्या तुरुंगात पाच दिवस सेवा करायची असेल तर सोलापुरात नऊ महिने तयारी धरा. निम्मा वेळ कागदांत जातो, उरलेला माणसं तयार करण्यात. विमानाचं तिकीट हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. नेमकं तेच आधी काढून बसणाऱ्या गटांची फजिती होते, कारण तुरुंगाची परवानगी कुणाच्या तिकिटाच्या तारखा बघून मिळत नाही.

हा लेख पाच-सहा जणांच्या गटासाठी आहे: पाळक, मंडळीतले एक वडील, महिला मंडळातल्या दोघी, तरुण संघातलं कुणी. एक गोष्ट आधीच पक्की असू द्या. तुम्ही तिथे पाच दिवस असाल आणि त्या तुरुंगात दर आठवड्याला येणारा स्थानिक पाळक किंवा चॅप्लेन (तुरुंगातला नेमलेला धर्मसेवक) वर्षानुवर्षं असेल. तुमच्या भेटीनंतर त्याचं काम सोपं झालं तर भेट कामी आली. तुमच्यापायी त्याला अधीक्षकांपुढे हात जोडावे लागले तर सगळा खर्च पाण्यात. पुढची बहुतेक पथ्यं याच हिशेबातून निघाली आहेत.

घरचा तुरुंग आधी

ज्या गटाने सोलापूर जिल्हा कारागृहात किंवा जवळच्या दुसऱ्या कारागृहात किमान सहा महिने नेमाने सेवा केलेली नाही, त्याने परदेशाचा विचार पुढे ढकलावा. अर्ज अधीक्षकांच्या नावे करा. कारागृह विभागाचं मुख्यालय पुण्यात आहे आणि नियमित कार्यक्रमाचा कागद तिथे जाऊन यायला वेळ लागतो, तो गृहीत धरा. अर्ज मंडळीच्या लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासह असावा. येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, वय, व्यवसाय, ओळखपत्राची प्रत, फोटो, मागितलेला वार आणि वेळ एवढं त्यात हवं. विषयाच्या ओळीत जे करणार तेच लिहा: 'ख्रिस्ती बंद्यांची पाळकीय भेट, प्रार्थना व भक्तिगीते'. 'नैतिक शिक्षण' असं गोल लिहून आत प्रवचन केलं की पहिल्याच तक्रारीला दार बंद होतं, आणि तुमच्यामागून येणाऱ्यांसाठीही ते बंदच राहतं.

जिल्हा कारागृहात बहुसंख्य कच्चे कैदी असतात. त्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही. त्यांच्यापुढे 'तुम्ही पापी आहात म्हणून इथे आहात' असं बोलणं वेडगळपणाचं आहे, आणि वकिलाच्या नजरेतून बघाल तर अन्यायाचंही. शिवाय आज समोर बसलेला माणूस पुढच्या आठवड्यात जामिनावर गेलेला असतो. म्हणून प्रत्येक सभा स्वतःपुरती पूर्ण हवी. 'मागच्या वेळी आपण पाहिलं' हे वाक्य तुरुंगात चालत नाही. मध्यवर्ती कारागृहातल्या जन्मठेपेच्या कैद्यांचं गणित वेगळं. ते तुमचा पाचवा संदेश ऐकताना पहिला आठवतात आणि विसंगती पकडतात.

सोलापूरकरांना आणखी एक आठवण असायला हवी. शहरातला 'सेटलमेंट' हा भाग ब्रिटिशकालीन गुन्हेगार जमाती कायद्याखाली काटेरी तारेच्या आत ठेवलेल्या लोकांची वसाहत होती. काही काळ तिचा कारभार अमेरिकन मराठी मिशनकडे होता. हजेरी देणारी, तारेबाहेर जाऊ न शकणारी माणसं, आणि त्यांच्यात शाळा, काम, उपासना चालवणारी मिशनरी मंडळी. त्यातून शिक्षणही आलं आणि दडपणही. कायदा १९५२ साली रद्द झाला. पण उठून जाण्याची मुभा नसलेल्या माणसापुढे देवाचं नाव घेताना त्याचा होकार खरा आहे की सक्तीचा, हा प्रश्न आपल्या शहराने फार जवळून पाहिला आहे. तुरुंगात पाऊल टाकणाऱ्याने तो सोबत ठेवावा.

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २०१५ साली मंजूर केलेल्या 'नेल्सन मंडेला नियमां'त हेच व्यवहाराच्या भाषेत आहे. नियम ६५ म्हणतो की पुरेसे कैदी असतील तिथे त्यांच्या धर्माचा योग्य प्रतिनिधी नेमावा, त्याला उपासना घेऊ द्यावी, ठरल्या वेळी एकांतात पाळकीय भेट घेऊ द्यावी; आणि एखाद्या कैद्याला भेट नको असेल तर त्याच्या म्हणण्याचा पूर्ण मान ठेवावा. नियम ६६ उपासनेला जाण्याबद्दल आणि धर्मग्रंथ जवळ बाळगण्याबद्दल आहे. परदेशी कार्यालयाला पत्र लिहिताना या दोन नियमांचा उल्लेख कामाला येतो. मात्र तो विनंतीच्या सुरात करा, हक्काच्या नको.

देश कोणता, तुरुंग कोणाचा

सगळ्यात जवळचा म्हणून नेपाळ सुचतो. तिथे जपून. २०१७ च्या नेपाळी फौजदारी संहितेचं कलम १५८ धर्मांतर करवणं आणि त्याला उत्तेजन देणं गुन्हा ठरवतं. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, आणि गुन्हेगार परदेशी असेल तर शिक्षा भोगल्यावर सात दिवसांत देशाबाहेर. आजारी ख्रिस्ती कैद्याजवळ बसून प्रार्थना करणं वेगळं आणि बॅरेकमध्ये सुवार्तेची सभा घेणं वेगळं. तिथे ही रेघ स्थानिक मंडळीला विचारूनच ओळखायची. आखाती देशांत मुस्लिमांमध्ये दुसऱ्या धर्माचा प्रचार बहुतेक ठिकाणी गुन्हा आहे. बाहेरून येणाऱ्या गटाने तिथे तुरुंगसेवेचा बेत आखूच नये. तिथल्या भारतीय कैद्यांसाठी काही करायचं असेल तर त्याचा रस्ता वेगळा आहे, तो पुढे येतो.

केनिया, युगांडा, फिलिपाईन्स या देशांत तुरुंगातल्या चॅप्लेनची पद्धत रुळलेली आहे. इंग्लंडमध्ये तर १९५२ च्या प्रिझन अॅक्टनुसार प्रत्येक तुरुंगाला चॅप्लेन असावाच लागतो, आणि बाहेरच्या माणसाला आत जायचं ते त्याच्याच कार्यालयामार्फत. तिथे सुरक्षा तपासणी लांबलचक असते, त्यामुळे पाच दिवसांच्या गटाला सहसा एखाद्या उपासनेत पाहुणा म्हणूनच जागा मिळते.

अर्ज चुकीच्या खात्याला करणं ही फार नेहमीची चूक. फिलिपाईन्समध्ये खटला चालू असलेले आणि तीन वर्षांपर्यंतची शिक्षा झालेले कैदी एका खात्याच्या तुरुंगांत असतात, तीन वर्षांहून जास्त शिक्षेचे ब्यूरो ऑफ करेक्शन्सकडे. मुंतिनलुपाचं न्यू बिलिबिड हे त्यातलं मोठं. प्रांतिक तुरुंग पुन्हा वेगळे, ते प्रांताच्या सरकारकडे. बिलिबिडसाठीचा अर्ज शहराच्या तुरुंगाला पाठवला तर उत्तर 'नाही' असं येत नाही, उत्तरच येत नाही. म्हणून आधी यजमान ठरवा: त्या तुरुंगात आजच्या घडीला जाणारी स्थानिक मंडळी किंवा संस्था. १९७९ साली उभी राहिलेली प्रिझन फेलोशिप इंटरनॅशनल ही अनेक देशांत काम करणारी संघटना आहे; कॅथलिक मंडळींनी तिथल्या धर्मप्रांताचं तुरुंगसेवा कार्यालय गाठावं. यजमानाला पहिल्या पत्रात दोनच गोष्टी विचारा: 'तुमच्या चालू कामात आमचा उपयोग कुठे आहे?' आणि 'आम्ही काय करू नये?' दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर न देणारा यजमान घेऊ नका.

गट

सहा जण पुरेत. आत जाताना प्रत्येकाची झडती होते आणि प्रत्येकावर एका शिपायाची नजर ठेवावी लागते. दहा जण गेले की तुरुंगाचीच माणसं अपुरी पडतात आणि सभेचा वेळ कापला जातो. एक प्रमुख, एक संदेश देणारा, एक गाणी सांभाळणारा, स्त्रियांच्या विभागासाठी दोघी, आणि एक जण फक्त घड्याळ, यादी आणि मोजदाद सांभाळणारा. हे शेवटचं काम कुणालाच नको असतं. ते सगळ्यात शांत माणसाला द्या.

कुणाला नेऊ नये हेही ठरवा. स्वतःवर खटला प्रलंबित असलेला, जवळचा नातेवाईक आत असलेला, व्यसन सोडून वर्ष न झालेला, आणि 'देवाने मला सांगितलंय' म्हणून प्रमुखाचं न ऐकणारा. शेवटच्या प्रकारची माणसं उत्साही असतात, म्हणून त्यांना नकार देणं अवघड जातं. तरी द्या.

कागद, पैसा आणि सुई

पासपोर्टसाठी सोलापुरातच पोस्ट ऑफिस पासपोर्ट सेवा केंद्र आहे. मुख्य कार्यालय पुण्याला. प्रवासाच्या तारखेपुढे सहा महिने वैधता आणि किमान दोन कोरी पानं हवीत. पोलिस ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे पीसीसी, बरेच तुरुंग मागतात. त्यासाठी वेगळा अर्ज आहे आणि पत्ता बदललेला असेल तर पडताळणी अडकते.

नावाची गंमत इथेच होते. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव असा क्रम; पासपोर्टवर पहिली दोन नावं एका रकान्यात, आडनाव दुसऱ्या. मंडळीच्या पत्रात फक्त नाव आणि आडनाव लिहिलं, तुरुंगाच्या गेटवरच्या यादीत तेच टंकलं गेलं, आणि हातातल्या पासपोर्टवर मधलं नाव निघालं की शिपाई आत सोडत नाही. त्याचं चूक नाही. प्रत्येक कागदावर, प्रत्येक यादीत नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच स्पेलिंगने.

पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार करू नका. अनेक देशांत धार्मिक कामासाठी व्हिसाचा वेगळा प्रकार असतो. यजमानाचं निमंत्रणपत्र जोडून वकिलातीला स्पष्ट विचारा आणि उत्तर लेखी घ्या. विमानतळावर 'कशासाठी आलात?' याला सहाही जणांचं उत्तर एकच आणि खरं हवं.

गटात कुणी सरकारी नोकर किंवा सरकारी महामंडळाचा कर्मचारी असेल आणि राहण्या-खाण्याचा, प्रवासाचा खर्च परदेशी यजमान करणार असेल, तर परदेशी योगदान नियमन कायदा, २०१० नुसार केंद्रीय गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी लागते. फॉर्म एफसी-२, निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी. कार्यालयाची परदेशवारीची रजा वेगळी. ही गोष्ट लक्षात येते ती बहुधा निघायच्या आदल्या आठवड्यात, आणि मग एक जागा रिकामी जाते.

मंडळीचा ट्रस्ट असेल तर ट्रस्टचा पैसा परदेशात खर्च करण्याआधी चार्टर्ड अकाउंटंटला विचारा. प्रत्यक्ष कर मंडळाच्या पूर्वमंजुरीशिवाय भारताबाहेर खर्च केलेल्या उत्पन्नावरची करसवलत जाते. सोपा मार्ग म्हणजे प्रत्येकाने आपला खर्च आपल्या खात्यातून करणं, फॉरेक्स कार्ड घेणं, आणि रोख परकीय चलन ३,००० डॉलरच्या मर्यादेच्या खूप आत ठेवणं. अंदाजपत्रकात पंधरा टक्के वर धरा. तुरुंगाची तारीख दोन दिवस पुढे ढकलली जाणं हे नेहमीचंच, आणि त्या दोन दिवसांचं जेवण-मुक्काम कुणी धरलेलं नसतं.

केनिया, युगांडाकडे जायचं तर पिवळ्या तापाची लस. ती सोलापुरातल्या नेहमीच्या दवाखान्यात मिळत नाही, अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते. प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहाव्या दिवसापासून लागू होतं आणि जन्मभर चालतं. ते पिवळं पुस्तक परतीच्या वाटेवरही लागतं. नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्या प्रवासाआधी सुरू होतात आणि परतल्यावरही चालू ठेवायच्या असतात. डोस डॉक्टरांकडून लिहून घ्या.

एका तासात किती मावतं

परवानगी तासाची मागा, कार्यक्रम चाळीस मिनिटांचा बांधा, आणि वीस मिनिटांत आटपेल असा दुसरा आराखडाही तयार असू द्या. कैद्यांची मोजणी लांबली, पाऊस आला, एखाद्या बॅरेकमध्ये भांडण झालं की तासाचे वीस मिनिटं होतात.

सगळं सुरळीत असेल तर तासाची वाटणी साधारण अशी होते: कैदी येऊन बसेपर्यंत दहा मिनिटं, गीतं आठ, शास्त्रवाचन चार, संदेश सोळा, शांतता आणि प्रार्थना सहा, हात मिळवणं नि दोन शब्द बारा, परत मोजणी चार. संदेशाची सोळा मिनिटं दुभाष्यासह आहेत, म्हणजे तुमची आठ. आठ मिनिटांत सोप्या इंग्रजीतले सात-आठशे शब्द होतात. ते लिहून काढा, मोठ्याने वाचा, घड्याळ लावा.

मराठीतून इंग्रजी, इंग्रजीतून स्वाहिली किंवा टागालोग असा दुहेरी अनुवाद करू नका. सोळा मिनिटांत तुमच्या वाट्याला पाच येतात आणि अर्थ दोनदा गळतो. इंग्रजी कच्ची असली तरी थेट बोला. आठ-दहा शब्दांचं वाक्य, एका वाक्यात एकच क्रिया, मग थांबा. आपल्या प्रार्थनेत सहज येणारं 'देवापुढे पदर पसरला' हे दुभाष्याला सांगून बघा. पदर म्हणजे काय इथून सुरुवात होते, आणि कैदी तोवर खिडकीबाहेर बघायला लागतो. त्याऐवजी 'मी देवाकडे मागितलं, माझ्याकडे द्यायला काही नव्हतं' एवढं पुरतं. दुभाष्याला संदेश आदल्या दिवशी लेखी द्या आणि आत गेल्यावर त्यात नवे दाखले घुसवू नका.

उतारा निवडताना तुरुंगात बसून वाचल्यासारखा वाचा. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६, हा सगळ्यांना सुचतो: पौल आणि सीला, मध्यरात्री स्तोत्रं, भूकंप, उघडी दारं. दारं उघडण्यावर जोर दिला की कैदी हसतात आणि शिपाई कपाळाला आठ्या घालतात. वजन अठ्ठाविसाव्या वचनावर आहे: दारं उघडी असूनही कुणी पळालेलं नाही आणि पौल स्वतःचा जीव घ्यायला निघालेल्या तुरुंगाधिकाऱ्याला थांबवतो. तो अधिकारीही त्या गोष्टीतलं माणूस आहे हे सांगितलं तर मागे उभे असलेले शिपाईसुद्धा ऐकतात. लूक १९ मधला जक्कय चौपट परत देण्याचं बोलतो. ज्याच्याकडे परत द्यायला काहीच नाही त्याने काय करायचं, हा प्रश्न कैद्यांकडून येणारच, त्याचं उत्तर सोबत न्या. फिलेमोनाला लिहिलेलं पत्र अवघं पंचवीस वचनांचं आहे, तीन-चार मिनिटांत सबंध वाचून होतं, आणि ते पौलाने कैदेतून लिहिलंय. स्तोत्र १३० आठ वचनांचं. उधळ्या पुत्राचा दाखला मात्र सांभाळून. बाप धावत येतो, गळ्यात पडतो; समोर बसलेल्यांपैकी कित्येकांच्या घरच्यांनी दार लावून घेतलेलं असतं. तो सांगायचाच असेल तर थोरल्या भावावर तितकाच वेळ द्या, कारण सुटल्यावर त्यांची गाठ त्याच्याशीच पडणार आहे.

साक्ष देणाऱ्याने गुन्ह्याचं वर्णन दोन वाक्यांत आटपावं. मारामारी, दारू, पैसा यांच्या रंगतदार गोष्टींनी टाळ्या मिळतात. बाकी काही मिळत नाही.

गाण्यात आपल्या मराठी मंडळीकडे एक मोठी सोय आहे. नारायण वामन टिळकांपासून चालत आलेली भजनाची रीत, एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी उचलायचं, ही भाषा न कळणाऱ्यांनाही दोन मिनिटांत साधते. ध्रुवपद तीन-चार शब्दांचं निवडा. टाळ, तारांची वाद्यं, सुट्या तारा सहसा गेटवरच राहतात. टाळ्या आणि छोटी ढोलकी मिळाली तर उत्तम, नाहीतर नुसत्या टाळ्या. एक स्थानिक गीत यजमानाकडून रेकॉर्ड मागवून पाठ करा, उच्चार चुकले तरी चालतात.

गेटवर

मोबाइल, स्मार्ट घड्याळ, पेन ड्राइव्ह, पैसे, किल्ल्या, चाकू, लायटर हे सांगायला नको. सांगायला हवं ते बाकीचं. रंग आधी विचारा: कैद्यांच्या आणि शिपायांच्या गणवेशाशी जुळणारा कपडा चालत नाही, आणि प्रत्येक तुरुंगाचा रंग वेगळा. साडीला चार-पाच पिना लागतात, त्या सगळ्या काढून ठेवाव्या लागल्या की साडी सांभाळण्यातच सभा जाते. लांब बाह्यांचा कुर्ता नि सलवार बरी. ओढणी काही ठिकाणी गळफासाच्या भीतीने काढायला लावतात, म्हणून कुर्ता ओढणीशिवाय नीट दिसेल असा घ्या. मंगळसूत्र, त्यातला क्रूस, जोडवी, बांगड्या मुक्कामावर. काही तुरुंग फक्त लग्नाची अंगठी राहू देतात. अंतर्वस्त्रातली तारही धातुशोधकावर वाजते, याची कल्पना महिलांना सोलापुरातच द्या, परक्या गेटवर नको.

मधुमेह असलेल्याने साखरेच्या गोळ्यांसाठी आधीच लेखी परवानगी घ्यावी. औषध एका वेळेपुरतंच, मूळ पाकिटात.

पासपोर्ट गेटवर जमा करावा लागला तर बिल्ला किंवा पावती घेतल्याशिवाय पुढे सरकू नका. आत नेलेली प्रत्येक वस्तू मोजून न्या आणि मोजून बाहेर आणा: तीस गीतपत्रिका आत तर तीस बाहेर, चार पेनं आत तर चार बाहेर. एक पेन कमी भरलं तर सबंध बॅरेकची झडती होऊ शकते, आणि ती सोसणारे कैदी असतील.

प्रभुभोजन

द्राक्षारस म्हणून मद्य जवळपास कुठेच नेता येत नाही. शिवाय फळं, साखर, यीस्टचा पाव यांपासून तुरुंगात दारू गाळली जाते, म्हणून या साध्या वस्तूंकडेही संशयाने पाहतात. मनुक्यांचं पाणी हा जुना उपाय. पाव किलो बिया नसलेले मनुके एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी वीस मिनिटं उकळा, कुस्करून फडक्यातून दोनदा गाळा, गार करून त्याच दिवशी वापरा. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी ते आंबायला लागतं, आणि गेटवर झाकण उघडल्यावर वास आला की तुमचं म्हणणं कोण ऐकणार? साठ जणांना बारा मिलीलिटरच्या हिशेबाने ७२० मिलीलिटर लागतं. काचेच्या पेल्या नकोत, कागदी घ्या, वापरून मोजून परत आणा. भाकर म्हणून बिनयीस्टची चपाती. एका मध्यम चपातीचे पंचवीस-तीस तुकडे होतात. तुकडे आणि रस अधिकाऱ्याने चाखून बघायला मागितले तर आनंदाने द्या. प्रभुभोजन कोण घेऊ शकतो, हे मात्र चॅप्लेनच्या पद्धतीनेच.

कैद्याशी बोलताना

'आत कशासाठी?' हे विचारू नका. त्याने सांगितलं तर ऐका, खरं-खोटं करत बसू नका. जामीन, वकील, पैसा, नोकरी यांपैकी कशाचंही आश्वासन देऊ नका; 'बघतो' हा शब्दही आत आश्वासनच असतो आणि त्यावर माणूस महिने काढतो.

अडकवलं जातं ते मोठ्या मागणीने नाही. आधी 'हा शर्ट छान आहे', मग एक चिठ्ठी पोस्टात टाकायची विनंती, मग घरी एक फोन, आणि चौथ्या दिवशी 'तुम्ही चिठ्ठी नेली होती हे साहेबांना कळलं तर?' पहिल्या चिठ्ठीलाच हसत नाही म्हणा आणि संध्याकाळी प्रमुखाला सांगा. मागणारा दर वेळी लबाड असतो असं नाही. पण चिठ्ठीत काय आहे हे तुम्हाला कधीच माहीत नसतं.

एकांतातल्या बोलण्याआधी एक वाक्य सांगायचं: 'तू जे सांगशील ते माझ्यापाशी राहील, पण तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल किंवा पळून जाण्याचा बेत असेल तर मला सांगावं लागेल.' नंतर नाही, आधी. आत्महत्येचा सूर जाणवला तर प्रार्थना करून उठून जाऊ नका. चॅप्लेन किंवा अधिकारी येईपर्यंत तिथेच बसा.

भारतीय कैदी भेटला तर भाषेच्या ओढीने दोघांचेही डोळे भरतात. परदेशी तुरुंगांत दहा हजारांहून जास्त भारतीय आहेत, त्यामुळे ही गाठ दुर्मिळ नाही. त्याला दोन गोष्टी सांगा. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ नुसार आपल्या वकिलातीला कळवा असं तो तुरुंगाला सांगू शकतो. आणि त्याच्या घरच्यांना परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर भारतातून तक्रार नोंदवता येते. उरलेली शिक्षा भारतात भोगण्यासाठी २००३ चा कैदी प्रत्यावर्तन कायदा आहे, पण त्या देशाशी करार असावा लागतो, म्हणून ती आशा तुम्ही दाखवू नका. वकिलातीला दाखवू द्या.

काय द्यायचं

सोलापूरचा गट म्हटला की चादर देण्याचा मोह होतोच. चादर आत जात नाही: तिच्या पट्ट्या फाडून दोर होतो. हात पुसायचा छोटा टेरी नॅपकिन बऱ्याच ठिकाणी चालतो, रंग विचारून. पण शंभर नॅपकिन बॅगेत भरून नेले की कस्टमवाले व्यापारी माल समजतात. त्यापेक्षा पैसे यजमानाला द्या, तिथूनच साबण, टूथपेस्ट, स्त्रियांच्या विभागासाठी सॅनिटरी पॅड घेऊ द्या. वाटप तुरुंगाच्या हाताने, सगळ्यांना सारखं. सभेला आलेल्यांनाच दिलं तर पुढच्या सभेला साबणासाठी येतील, आणि बाहेर त्याला आमिष म्हणतील. म्हणणाऱ्यांचं चुकणार नाही.

पवित्र शास्त्र त्यांच्या भाषेतलं, तिथल्याच बायबल सोसायटीकडून. साठ प्रती प्रत्येकी सहाशे ग्रॅम धरल्या तरी छत्तीस किलो होतात, विमानातून नेण्यात अर्थ नाही. पातळ पुठ्ठ्याचीच आवृत्ती घ्या. जाड पुठ्ठ्याच्या पोटात वस्तू लपवता येतात म्हणून ती परत येते. स्टेपल, स्पायरल, रिबन नको. आणि अधीक्षकांना महागडी भेटवस्तू अजिबात नाही, त्यांच्या देशात तिचा अर्थ काय लागेल सांगता येत नाही. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी यजमान पाळकाच्या घरी न्या, कस्टममध्ये सांगून. तिथे ती नक्की संपते.

परतल्यावर

आतले फोटो नसतातच, असले तरी मंडळीच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत. कैद्याचं नाव, गुन्हा, 'इतक्या जणांनी स्वीकार केला' असे आकडे अहवालात नकोत. हात वर करणाऱ्यांची संख्या ही सभेतली उष्णता दाखवते, त्यापलीकडे काही नाही, आणि ती छापली की त्या देशात यजमानावर शेकते. अहवालात लिहायचं ते किती सभा झाल्या, किती रद्द झाल्या, का, खर्च किती, यजमानाने पुढे काय मागितलं. यजमानाचं मत महिन्याभराने मागवा. निरोपाच्या दिवशी सगळे चांगलंच बोलतात.

आफ्रिकेतून आल्यावर तीन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना प्रवास आधी सांगायचा, मग ताप. तुरुंगातल्या बंद हवेत क्षयाचा धोका असतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्या. गटातल्या कुणाची झोप उडाली असेल, चिडचिड वाढली असेल तर पाळकांनी त्याला पुढच्या कामाला लावायची घाई करू नये.

पत्रं येऊ लागतील. उत्तराचा पत्ता मंडळीच्या कार्यालयाचा द्या, घरचा कधीच नाही. सही फक्त पहिल्या नावाची. उत्तर दोघांनी वाचून मगच टाकायचं, आणि प्रत चॅप्लेनला. वर्षाला चार पत्रं जमत असतील तर चारच कबूल करा, पण ती चारही जाऊ द्या.